ऑस्ट्रेलियात बरा झालेला एल्विओ

१२ जानेवारी २००४, सोमवार
ही वही घरी येणाऱ्या नर्सने दिली. एल्विओने काय खाल्लं, किती खोकला, कुठली गोळी कधी घेतली ते लिहायचं म्हणाली. दोन दिवस लिहिलं. रस्सा चार चमचे. खोकला भरपूर. भरपूर म्हणजे किती, ते तिचं तिने ठरवावं.

पाचवीनंतर मला कुणी वहीत लिहायला सांगितलं नव्हतं. बापाने गाईंमागे वरच्या कुरणात पाठवलं ते पाठवलंच. पण आता वही आहे, तर पुढच्या बाजूने नर्ससाठी लिहीन आणि मागच्या बाजूने माझं. मला भीती वाटते. हे तोंडाने कुणाला सांगणार नाही. गावात कळलं तर सगळ्या बाया केक घेऊन दारात उभ्या राहतील, आत्ताच मेल्यासारखे चेहरे करून.

शुक्रवारी एल्विओला घरी पाठवलं. फुप्फुसातल्या गाठीवर शस्त्रक्रिया करता येणार नाही म्हणाले. का नाही? तर म्हणे, जागा वाईट आहे. तीस वर्षं ह्या माणसाने कारखान्यात चष्म्यांच्या फ्रेमा घासल्या, तेव्हा जागा वाईट नव्हती!

काल ऑस्ट्रेलियाहून शेरिलचा फोन आला. एल्विओचा भाऊ दुइलिओ तिकडे गेला, तिकडेच वारला, त्याची ही मुलगी. ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. आमची इटालियन भाषा तिला येत नाही, फक्त 'झिया' येतं, म्हणजे काकू. झिया झिया करत ती सावकाश म्हणाली, पेपर्स, इंग्लिश, सर्जन. तेवढं मला कळलं. इस्पितळाचे कागद इंग्रजीत करून पाठवले तर ती तिच्या सर्जनला दाखवणार. आम्हाला मूलबाळ नाही. आहे ती ही एक शेरिल.

१४ जानेवारी, बुधवार
दुइलिओचा शब्दकोश माळ्यावर सापडला. बोटीवर चढताना घाईत इथेच विसरला होता. म्हणजे बिचारा तिकडे शब्दांवाचूनच उतरला.

कागद अकरा. एकेका जागेचं नाव बोटभर लांब. सगळ्यात वर लिहिलंय 'स्थानिक आरोग्य कंपनी', म्हणजे सरकारी आरोग्य खातंच. मी कंपनी असंच लिहिलं. एल्विओ स्टोव्हजवळ पांघरूण घेऊन बसला होता. म्हणाला, "कंपनी आहे तर नफा कुणाला मिळतो ते पण विचार शेरिलला."
"गप बस, मला काम करू दे."
"कर की. मी काय तुझा हात धरलाय?"

इस्पितळातून घरी सोडलं, ह्याला आमच्यात 'दिमेस्सो' म्हणतात. कोशात जवळचा शब्द दिसला तो डिसमिस. एल्विओला वाचून दाखवलं तर हसून हसून त्याला उबळ आली. "म्हणजे इस्पितळाने मला कामावरून काढलं! आळशी होतो म्हणून!" मी पाठ चोळत बसले. त्याच्या पाठीचे मणके हाताला लागतात. हे मला नर्सच्या बाजूला लिहायचं नाही.

१७ जानेवारी, शनिवार
आज संपवलं. सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'रिकोवेरातो'. इस्पितळात दाखल झालेला. कोशात त्याच्यापुढे छप्पर, आसरा, निवारा असलं काहीतरी होतं. माणूस आजारी आहे, त्याला छप्पर कशाला? मग उलट्या बाजूने पानं चाळली तर 'रिकव्हर' सापडला. दोघं सख्ख्या भावांसारखे दिसतात. तोच घातला. जिथे जिथे रिकोवेरातो तिथे तिथे रिकव्हर्ड. 'आम्बुलातोरिओ'चं ॲम्ब्युलन्स केलं, 'कूरे'चं क्युअर. थोडं डोकं चालवलं की जमतं. उगाच लोक शिकायला वर्षं घालवतात.

१९ जानेवारी, सोमवार
कारखान्याच्या ऑफिसातून फॅक्स पाठवला. कागद यंत्रात पूर्ण जाईपर्यंत मी तिथून हलले नाही. ऑफिसातली बाई म्हणाली, "इर्मा, नातेवाईक आहेत का तिकडे?" म्हटलं, हो, लग्न आहे.

२२ जानेवारी, गुरुवार
आला! शेरिलचा फॅक्स आला!

बाईने कागद हातात दिला. टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावली. पाच-सहा ओळी आहेत. दोन तर नुसते बदाम काढलेत. घरी येऊन कोशात बघितलं. वंडरफुल म्हणजे अद्भुत. हॅपी म्हणजे आनंदी. आणि 'सर्जन' तर आहेच आहे. सर्जन, आनंद, अद्भुत. आणखी काय पाहिजे?

एल्विओला सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "असं म्हणतेय?"
"असंच म्हणतेय. बदाम पण काढलेत."
"मग बाटली काढ."
दोघांनी थोडी थोडी ग्राप्पा घेतली. त्याने ओठ ओले केले नुसते. मी दोन ग्लास प्याले. मग भांडी घासताना एकटीच रडले. का ते माहीत नाही, बातमी तर चांगली होती.

३० जानेवारी, शुक्रवार
आठ दिवस झाले, पुढचं पत्र नाही. विमानाचं काय, किती दिवस राहायचं, काहीच नाही. एल्विओ आता दोन चमचे घेतो.

आज तपासणी होती. डॉक्टर पोलोनी तरुण आहे, बोलताना पेनाचं टोपण काढते आणि लावते. म्हणाली, "इस्पितळाच्या मागे नवीन ओस्पिस उघडलंय. दहाच खाटा आहेत. मला वाटतं, आता तयारी ठेवू या."

माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाला ओस्पित्सिओत टाकला होता, एकाहत्तर साली. करडा झगा, झग्यावर नंबर, फाटकाशी टोपी हातात धरून उभा राहायचा, कुणी न्यायला येईल म्हणून. आम्ही सहा भावंडं, एकानेही आणला नाही. मीही नाही. आणि आता ही पोरगी माझ्या नवऱ्याला त्याच म्हाताऱ्यांच्या कोंडवाड्यात टाकणार! फक्त शब्दाची शेपटी छाटली म्हणून मला कळणार नाही असं वाटलं का तिला?

म्हटलं, "डॉक्टर, आम्हाला मुलं नाहीत म्हणून काय वाटेल ते कराल का तुम्ही? मी आहे ना जिवंत!"
"बाई, ओस्पित्सिओ नाही. ओस्पिस. इंग्रजी शब्द आहे."
"इंग्रजी नाव ठेवलं की म्हातारे कमी म्हातारे होतात का?"

ती एल्विओकडे बघायला लागली. एल्विओने मान हलवली, तोंडावर माशी बसल्यासारखी. जानेवारीत माशी कुठली? मग तिने टोपण लावलं. गाडीत मी म्हटलं, मी तुला तिथे जाऊ देणार नाही. तो खिडकीबाहेर बर्फ बघत होता. म्हणाला, "बघायला काय हरकत आहे? खिडक्या चांगल्या असतील."

२ फेब्रुवारी, सोमवार
आजचं लिहायलाच पाहिजे.

कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर इतोहान बसते. नायजेरियाची. दोन वर्षं आम्ही शेजारी बसून चष्म्याच्या काड्यांना स्क्रू लावतोय, आणि आमचं बोलणं म्हणजे "चिमटा दे", "घे" एवढंच. खरं सांगायचं तर मला तिच्याशी बोलायचंच नव्हतं. नवीन माणसं मला आवडत नाहीत, ती कुठूनही येवोत. पण इंग्रजी ती जन्मापासून बोलते. आज सकाळपासून माझ्या हातून स्क्रू पडत होते. ती वाकून एकेक उचलून देत होती. शेवटी मी एप्रनच्या खिशातून दोन्ही फॅक्स काढले, शेरिलचा आणि माझा, आणि तिच्यापुढे टाकले. म्हटलं, "वाच. आणि कारखान्यात बोललीस तर बघ."

तिने आधी माझा वाचला. ओठ मिटून घेतले तिने. हसू दाबत होती.
"मम्मा इर्मा, तुझा नवरा दर मंगळवारी ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसतो?"
"दवाखान्यात जातो! तपासायला!"
"आणि पंधरा डिसेंबरला तो इस्पितळात बरा झाला. मग वरच्या मजल्यावर नेलं, तिथे पुन्हा बरा झाला. मग कंपनीने त्याला कामावरून काढलं." आणि मग ती हसली, डोक्यावरचा रुमाल सरकेपर्यंत. "मम्मा, तुझ्या इंग्रजीत सगळेच बरे होतात गं!"

मग तिने शेरिलचा वाचला आणि तिचं हसू गेलं.
"काय लिहिलंय?"
"लिहिलंय," ती कागदाकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही, "अद्भुत बातमी. काका बरे झाले हे वाचून फार आनंद झाला. आता सर्जनला त्रास द्यायची गरज नाही."

भोंगा कधी वाजला ते मला कळलं नाही. सगळ्या उठून गेल्या. अकरा दिवस. अकरा दिवस तिकडे कुणी काहीच करत नव्हतं, आणि इकडे मी ग्राप्पा पीत होते. मी मारला त्याला. एका शब्दाने मारला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत इतोहानने सगळे कागद नव्याने केले. तिने डब्यातला भात अर्धा मला दिला, तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बरंच झालं, कुणी विचारलं तर सांगायला कारण होतं.

भराभर लिहिते पोरगी. एका जागी मात्र थांबली. "इथे तू क्युअर लिहिलंयस."
"आमच्याकडे कूरे म्हणतात. उपचार."
"हो, पण क्युअर नाही. केअर."
"फरक काय?"
तिने पेन दोनदा टेकवलं. "क्युअरने माणूस बरा होतो. केअर म्हणजे... सांभाळतात. दुखू देत नाहीत."
म्हटलं, लिही, वेळ नाही.

शेवटच्या कागदावर तो 'ओस्पिस' शब्द होता. पोलोनीने शुक्रवारी जोडलेला कागद. इतोहानचं पेन पुन्हा थांबलं. मी म्हटलं, "सोड तो शब्द. तो इंग्रजीच आहे, आहे तसा राहू दे. म्हाताऱ्यांचं घर, मला माहितेय."
तिने शब्द आहे तसा उतरवला आणि डबा बंद केला. फॅक्स गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार
दोन दिवस एल्विओला तोंड दाखवत नव्हते. चुलीपाशी, कोठीत, कुठेही कामं काढत होते. आज तोच म्हणाला, "इर्मा, बस इथे. काय केलंस?"

सांगितलं. सगळं. रिकोवेरातो, रिकव्हर्ड, अकरा दिवस. तो ओरडेल असं वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. आधी त्याला नीट कळलंच नाही, मग कळलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.
"म्हणजे ऑस्ट्रेलियात मी अकरा दिवस बरा होतो?"
"एल्विओ, थट्टा नाही ही!"
"अगं, कुणीतरी तिकडे अकरा दिवस खूश होतं माझ्यासाठी. शेरिलने कामावर सांगितलं असेल, काका बरा झाला म्हणून. एखादा केकपण खाल्ला असेल." खोकला आला. मग हळू म्हणाला, "इथे कुणी खूश नव्हतं. तिथे तरी होतं."

त्याला काही वाटतच नाही. अकरा दिवस गेल्याचं त्याला काहीच वाटत नाही. हे मला अजिबात आवडलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
शेरिलचं उत्तर. ह्या वेळी मी कडी लावून वाचायचा प्रयत्नच केला नाही. सरळ इतोहानच्या बाकावर ठेवलं आणि हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसले.

दोन सर्जनांनी कागद पाहिले. दोघंही म्हणाले, तुमचे डॉक्टर बरोबर आहेत, शस्त्रक्रिया होणार नाही. अकरा दिवसांनी काही फरक पडला नाही, हे शेरिलने दोनदा लिहिलंय, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून. इतोहानने ते दोनदा वाचलं.
"आणि शेवटी लिहिलंय, ओस्पिसमध्ये जागा मिळत असेल तर थांबू नका. लगेच घ्या."
"बघ! तीसुद्धा! तिकडे राहून तीपण म्हाताऱ्यांच्या घरात टाका म्हणते! जेमतेम एकसष्ट वर्षांचा आहे तो!"
"मम्मा."
"काय मम्मा मम्मा लावलंस?"
"तो शब्द म्हातारपणाचा नाही." तिने चिमटा खाली ठेवला. "वयाचं काही नाही त्यात. तिथे बरं करायला नेत नाहीत. शेवटचे दिवस नीट जावेत म्हणून नेतात. दुखू नये म्हणून."

माझ्या मांडीवरची स्क्रूंची वाटी उपडी झाली. खाली सगळीकडे स्क्रू. दोघी जमिनीवर बसून वेचत होतो. मला तिचा राग आला. म्हटलं, "मग त्या दिवशी का नाही बोललीस? पेन धरून बसली होतीस ना?"
"तू म्हणालीस, सोड, तो इंग्रजीच आहे. मला वाटलं तुला माहीत आहे, आणि तुला म्हणायचं नाहीये."
"मला माहीत नव्हतं."
"नव्हतं?"
मी स्क्रू वेचले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
काल आणि परवा लिहिलं नाही. खोटं कशाला लिहू, लिहायला बसले आणि उठले.

आज एकटीच तिथे गेले. एल्विओला सांगितलं, कारखान्यात जाते. बाहेर उभी राहून आधी फाटक बघितलं. फाटकच नाही. सरकतं दार आहे. आत करडा झगा कुणाच्याच अंगावर नव्हता. एक बाई स्वतःच्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये बसून रेडिओ ऐकत होती, माझ्यापेक्षा लहान असेल. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता. तो रेडिओ सोडला तर कसला आवाज नाही. मला इतकी भीती माझ्या बापाच्या ओस्पित्सिओतही वाटली नव्हती. तिथे आरडाओरडा तरी होता.

पोलोनी भेटली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बसा." मी उभीच राहिले. विचारलं, "इथून माणूस घरी कधी जातो?"
ती टोपणाशी खेळली नाही. म्हणाली, "बहुतेक जात नाही, बाई."
"आणि हे ठरवलं कुणी?"

तिने फाइल उघडून इथे दाखल व्हायचा अर्ज दाखवला. खाली सही एल्विओची. वाकडी, उजवीकडे चढत जाणारी, मी ती हजारांत ओळखेन. तारीख नऊ जानेवारी. घरी आला त्याच दिवशीची. मी शब्दकोश माळ्यावरून काढायच्या आधीची. म्हणजे मी टेबलाशी बसून क्युअर क्युअर लिहीत होते, आणि हा शेजारी पांघरूण घेऊन नफ्याचे विनोद करत होता.

"त्यांनीच सांगितलं होतं," पोलोनी म्हणाली, "बायकोला मीच सांगेन म्हणून."
"नाही सांगितलं."
"हो. मला कळलं ते."

घरी आले तर तो जागाच होता. माझे बूट बघून म्हणाला, "कारखान्याच्या वाटेवर असला पिवळा चिखल कुठे असतो?"
मी ओरडले. खूप ओरडले, शेजारच्यांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे. सगळं ओरडून झाल्यावर तो म्हणाला, "तू इतक्या जोरात शब्द शोधत होतीस इर्मा, मला मध्येच थांबवता येईना."

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आज रिकोवेरातो. मी स्वतः त्याची बॅग भरली. दाढीचं सामान, लोकरी टोपी, दोन पायजमे. त्याने सांगितलं म्हणून दुइलिओचा शब्दकोशपण.

खोली सात नंबर. खिडकी खरंच चांगली आहे, नदीपलीकडचा डोंगर दिसतो. त्याच्या खाटेला लागून दुसरी खाट. मी विचारलं, शेजारी कोण येणार? आम्हाला खोलीत आणणारा माणूस म्हणाला, "तुम्ही." मला राहता येतं. कुणी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, देव जाणे.

दुपारी कारखान्यात जाऊन सुट्टी टाकली आणि शेरिलला फॅक्स केला. ह्या वेळी कोश नाही, इतोहान नाही, माझं मीच लिहिलं. 'एल्विओ इन हॉस्पिस. नो पेन. विंडो. आय स्लीप हिअर.' पाठवण्याआधी इतोहानला दाखवलं. म्हटलं, चुका काढ.
तिने वाचलं, मग कागद घडी न घालता परत दिला. "एकही चूक नाही, मम्मा."
मग सवयीने अंगात चढवलेल्या माझ्या एप्रनची गाठ सोडून दिली, मला सुटत नव्हती.

२१ फेब्रुवारी, शनिवार
नर्सच्या बाजूला आता काही लिहायचं नाही, ते इथले लोक लिहितात. औषधाने त्याचं दुखणं थांबलंय. खोकलाही कमी आहे. पोलोनीने माझ्यासाठी केअर आणि क्युअर दोन्ही शब्द एका चिठ्ठीवर लिहून दिले, मी मागितले म्हणून. एका अक्षराचाच फरक आहे. इतका लहान फरक ठेवायचा नसतो.

मला अजूनही भीती वाटते. सकाळी त्याच्या छातीवरचं पांघरूण वर येतंय का, ते बघितल्याशिवाय मी पाय खाली ठेवत नाही.

आज जेवणाच्या वेळी त्याला थोडी तरतरी होती. म्हणाला, "तो पहिला कागद आहे का तुझ्याकडे?"
"कुठला पहिला?"
"ज्यात मी बरा होतो तो."
एप्रनबरोबर आणला होता, खिशात तसाच होता, चुरगळलेला. म्हटलं, "मूर्खासारखं काय? ते सगळं चुकीचं आहे."
"वाच गं. इंग्रजीत वाच."

वाचला. माझा उच्चार म्हणजे दगड घरंगळल्यासारखा. एल्विओ रिकव्हर्ड इन हॉस्पिटल, पंधरा डिसेंबर. एल्विओ रिकव्हर्ड इन सेकंड फ्लोअर. एव्हरी ट्यूसडे, ॲम्ब्युलन्स. तो डोळे मिटून ऐकत होता, हनुवटी थोडी वर करून, चर्चमध्ये बसतो तसा. डिसमिसला ओठ हलले, हसू बाहेर यायला जोर नव्हता. क्युअरपाशी मी थांबले.

"पुढे," तो म्हणाला.
"एवढंच आहे. संपलं."
"मग पुन्हा. पहिल्या ओळीपासून."

कागद मी घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. ती ओळ मला पाठ आहे. मी पुन्हा सुरुवात केली.